टार्गेटराव

महिना संपायला दोन दिवस उरले की आदिलाबादेतल्या दहा-बारा घरांत फोनकडे बघायची चोरी होते. टार्गेटरावांचा मेसेज यायचा असतो. तो रात्री दहानंतर येतो, कारण दिवसभर आकडा ठरत नाही. वर ठळक अक्षरांत ‘पुढील महिन्याचे टार्गेट’, खाली आकडा, आकड्याखाली दोन रेघा आणि तळाला ‘सर्वांनी सहकार्य करावे’. हाच मजकूर मग तेलुगूत येतो, आणि कापूस बाजारातल्या दोघांसाठी आमच्याकडच्या दखनी हिंदीत. तिन्ही भाषांत आकडा एकच असायला हवा. कधीकधी तो तेलुगूत हजाराने कमी निघतो आणि मराठी मंडळी रात्री साडेदहाला निषेध नोंदवतात.

माणूस सत्तरी ओलांडलेला. उंची बेताची, पोट सविस्तर. पायात नातवाने दिलेले नारिंगी बूट, दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत कानटोपी, गळ्यात शिट्टी आणि काखेत शंभर पानी वही. फोनमध्ये पावलं मोजायचं अ‍ॅप आहे, ग्रुप आहे, सगळं आहे. पण विश्वास वहीवर. वहीत पट्टीने आखलेले रकाने: अनुक्रमांक, नाव, टार्गेट, साध्य, टक्केवारी, शेरा. वाचण्यासारखा रकाना शेवटचा. ‘गुडघा’, ‘पांढरकवड्याला लग्न’, ‘जावई आले’, ‘अमावास्या’, ‘मन नाही’ अशा नोंदी तिथं सापडतात. व्यायाम का होत नाही यावर कुणाला प्रबंध लिहायचा असेल तर त्याने इतर वाचन न करता हा एक रकाना वाचावा.

टार्गेटराव असे झाले यात त्यांचा दोष थोडाच आहे. संयुक्त आंध्र प्रदेशाच्या काळात आरोग्य खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. उटनूर, इंद्रवेल्ली या बाजूची गावं पालथी घातली, कुठं सायकलने, कुठं सायकल खांद्यावर घेऊन. त्या वेळी खात्यात माणसाची किंमत टार्गेटवर ठरायची. कुटुंबनियोजनाच्या एवढ्या केसेस, हिवतापाचे एवढे रक्तनमुने, सगळं ३१ मार्चच्या आत. कलेक्टर विचारायचे मेडिकल ऑफिसरला, मेडिकल ऑफिसर यांना, आणि हे भिंतीवर तारीख टाकून पुढच्या गावाला. १९९६ च्या एप्रिलपासून केंद्र सरकारने कुटुंबनियोजनातली ही टार्गेटं काढून टाकली. देशभरच्या कर्मचाऱ्यांनी हुश्श केलं. टार्गेटराव पोरके झाले. ते अजून तो काळ ‘आकडे बंद झाले तेव्हा’ असा सांगतात, आणि आवाज सुतकी होतो.

पुढे रिटायर झाले, शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, “चालत जा.”

“किती?”

“जमेल तेवढं.”

हे वाक्य त्यांना फार लागलं. घरी येऊन बायकोला म्हणाले, “जमेल तेवढं हा काय आकडा आहे काय? असा डॉक्टर कसा पास झाला?” त्याच आठवड्यात ग्रुप निघाला.

ग्रुप निघाला तेव्हाची आणि आजची टार्गेटरावांची कंबर यांत फरक नाही, हे कबूल करायला हवं. आमचा जिल्हा मात्र मधल्या काळात भलताच बारीक झाला. २०१६ च्या दसऱ्याला, ११ ऑक्टोबरला, एका मुहूर्तावर त्याचे चार जिल्हे केले; निर्मल, मंचेरियाल आणि आसिफाबाद वेगळे निघाले आणि सोळा हजार चौरस किलोमीटरांवरून आदिलाबाद चार हजारांच्या घरात आला. “सरकारनं मनावर घेतलं तर होते,” असं टार्गेटराव त्यावर म्हणतात आणि पोटावरून हात फिरवतात.

सकाळी सहाला मंडळी इंदिरा प्रियदर्शिनी स्टेडियमवर जमतात. कापसाचे अडते आहेत, त्यांना सगळे शेठ म्हणतात. औषधाच्या दुकानाचे मालक आहेत, त्यांना मेडिकलवाले. एक तेलुगू मास्तर गारू आहेत, रिटायर्ड, शांत, ज्यांच्या तोंडात चोवीस तास ‘पर्वालेदू’, म्हणजे ‘काही हरकत नाही’, असतं. गुडघा दुखला, पर्वालेदू. चार दिवस आला नाहीत, पर्वालेदू. एकदा टार्गेटरावांनी स्वतःच महिनाभर काही केलं नाही तेव्हा मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून इतक्या मायेने पर्वालेदू म्हटलं की टार्गेटरावांचे डोळे भरून आले. आणि एक बाई आहेत, मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेतल्या. आमच्याकडे अशा शाळा अजून आहेत, बेला, जैनथकडच्या गावांतून तर घरोघर मराठीच. बाई दर महिन्याचं टार्गेट पुरं करतात, बोलत काही नाहीत, आणि साडेसातला घरी जाऊन डबा करतात. टार्गेटराव त्यांच्याविषयी जरा नाराजच असतात. “बाई सरासरी बिघडवतात,” म्हणतात.

या ग्रुपचा घटनेइतका पक्का असा एकच नियम आहे: शेवटच्याला एकटं सोडायचं नाही. कुणी मागे पडला की सगळ्यांनी थांबायचं, त्याच्यासोबत चालायचं, त्याला धीर द्यायचा. नियम ऐकायला फार चांगला. पण मागे पडणाऱ्याला एवढा मान मिळायला लागल्यावर पुढे कोण जाईल? ‘आज गुडघा धरला’ एवढं लिहिलं की अकरा हात जोडलेले येतात, तिळाच्या तेलाचे तीन उपाय येतात, मेडिकलवाले स्वतः मलम घेऊन घरी जातात. ‘आज सात किलोमीटर झाले’ असं बाईंनी एकदा लिहिलं होतं. त्यावर संध्याकाळपर्यंत फक्त एक अंगठा आला, तोही त्यांच्याच मुलीचा.

हा नियम मी एकदा कुंटाळ्याला फार जवळून पाहिला. महिना श्रावणाचा, टार्गेट पायऱ्यांचं. रोज घरचा जिना चढायचा आणि महिनाअखेर कुंटाळ्याचा धबधबा गाठायचा असं ठरलं होतं. कुंटाळा नेरडीगोंडा मंडळात, कडेम नदीवर. पंचेचाळीस मीटरांवरून पाणी कोसळतं, तेलंगणातला सगळ्यात उंच धबधबा म्हणून त्याचं नाव. बघायचं तर पायऱ्यांची लांबच लांब उतरण उतरून खाली जावं लागतं. उतरताना टार्गेटराव शिट्टी वाजवत सगळ्यांच्या पुढे. खाली पोचल्यावर तुषार अंगावर घेत त्यांनी भाषणही केलं. धबधब्याच्या आवाजात एक शब्द ऐकू आला नाही, म्हणून टाळ्या जोरात पडल्या.

चढताना खरा व्यायाम. पहिल्या वळणावर शेठ बसले. शेठ बसले म्हणून मेडिकलवाले थांबले. मेडिकलवाल्यांना सोडायचं कसं म्हणून टार्गेटराव चार पायऱ्या खाली आले आणि त्यांच्याही खाली बसले, कारण शेवटचं कोण हा मुद्दा होता. मास्तर गारूंनी वरून पाहिलं आणि ‘पर्वालेदू, पर्वालेदू’ करत तेही उतरून आले. मग कुणी उठेना. उठणारा पुढचा ठरणार आणि पुढच्याने थांबायचं असतं, तेव्हा उठून उपयोग काय, असा तर्क चालला होता. माकडांची एक टोळी येऊन शेठजींच्या पिशवीतली भाजलेली कणसं घेऊन गेली तेव्हा कुठं सगळे एकदम उभे राहिले आणि पुढच्या तीस पायऱ्या नियम मोडून चढले. बाई वर कधीच पोचल्या होत्या. गाडीच्या सावलीला बसून त्यांनी पेपर तपासायला घेतले होते, चौथीचे.

वहीत त्या दिवसाचा शेरा आहे: ‘सामुदायिक चढण. १०० टक्के. (माकडे.)’

पावलांचा महिना ही ग्रुपच्या इतिहासातली पानिपतची लढाई. रोज दहा हजार पावलं, असं टार्गेट लागलं ते नेमकं नोव्हेंबरात. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे पांढऱ्या सोन्याचा भर. यार्डाबाहेर गाड्यांची रांग लागलेली, जिनिंगच्या कारखान्यांतून भुरभुर उडणारा कापूस, रस्त्याच्या कडेच्या बाभळींनासुद्धा बोंडं आल्यासारखी दिसतात. शेठ पहाटेपासून यार्डात या गाडीकडून त्या गाडीकडे. संध्याकाळी फोन बघतात तर सोळा हजार पावलं. स्टेडियमला पाय न लावता त्यांनी चार दिवसांत सगळ्यांना मागे टाकलं आणि ग्रुपवर फटाक्यांची चित्रं टाकली.

टार्गेटरावांनी तातडीची बैठक बोलावली. स्टेडियमसमोरच्या टिफिन सेंटरवर. मैसूर बज्जीची प्लेट मधे ठेवून त्यांनी मुद्दा मांडला की धंद्याचे पाय वेगळे, व्यायामाचे पाय वेगळे. शेठ म्हणाले, “पाय तर दोनच हाय ना मले!” बाई म्हणाल्या, मग शाळेत मी दिवसभर उभी असते त्याचं काय? मास्तर गारू म्हणाले, बसलेलं धरा, उभं धरा, पर्वालेदू. तासभर गेला. शेवटी तोडगा निघाला तो यार्डातूनच. भारतीय कापूस निगम आठ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की भावात कपात करतं आणि बाराच्या वर गेला की माल घेतच नाही. टार्गेटरावांनी त्याच धर्तीवर धंद्याच्या पावलांना कपात लावली. शेठनी आयुष्यभर शेतकऱ्याच्या मुठीतला कापूस दाबून ‘ओला हाय’ म्हटलेलं. आता त्यांचीच पावलं ओली निघाली. शेजारच्या टेबलावर डोसा खात बसलेला एक शेतकरी हे ऐकून इतका हसला की त्याने आमच्या सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले.

याच महिन्यात मेडिकलवाल्यांच्या नावावर एका दिवशी एकतीस हजार पावलं लागली. चौकशीत निष्पन्न झालं की फोन नातवाच्या खिशात होता आणि त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती. आजोबांच्या नावावर पावलांबरोबर दोन कॅचही लिहावेत अशी सूचना आली.

हे सगळं निस्तरतंय तोच रिम्स मेडिकल कॉलेजात डॉक्टरकी शिकणारा एक भाचा दिवाळीनंतर भेटीला आला आणि बॉम्ब टाकून गेला. दहा हजार हा आकडा मुळात कुठल्या डॉक्टरने काढलेलाच नाही. १९६४ साली टोकियोला ऑलिम्पिक झालं, जपानात चालण्याची हवा पसरली आणि १९६५ मध्ये एका घड्याळवाल्या कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल होता, खपला. यंत्र जुनं झालं आणि आकडा जगभर राहिला. पुढे २०१९ साली हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या जवळपास सतरा हजार वयस्क बायकांच्या कमरेला यंत्रं बांधून पाहिलं. सरासरी वय बहात्तर. रोज सत्तावीसशे पावलं चालणाऱ्यांपेक्षा चव्वेचाळीसशे चालणाऱ्यांत मरणाचं प्रमाण बरंच कमी निघालं, आणि साडेसात हजारांच्या पुढे चालून त्या बाबतीत आणखी फायदा दिसला नाही.

ग्रुपवर जल्लोष झाला. मेडिकलवाले म्हणाले, मग चव्वेचाळीसशेच ठेवू. टार्गेटराव दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “त्या आज्या आहेत. तुम्ही काय आज्या आहात काय?” शेठ म्हणाले, “हाव.” एकमताने.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की टार्गेट कमी केल्याने या माणसाला खरोखर त्रास होतो, आणि तो आळशीपणाच्या रागाचा नाही. चव्वेचाळीसशे पुरे होऊ शकतात, हे दुखणं होतं. पुरं होणारं टार्गेट त्यांना टार्गेटच वाटत नाही. महिन्याच्या वीस तारखेला, बाई सोडून कुणीच आकड्याच्या जवळपास नसताना, ‘सुधारित टार्गेट’ काढायचं कौशल्य त्यांच्याकडे आहे, तेही पुन्हा थोडं हाताबाहेर राहील असं. १९५६ साली राज्यं नव्याने आखली तेव्हा किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातून काढून तेव्हाच्या मुंबई राज्याला जोडले. माणसं होती तिथंच राहिली, रेघ सरकली. त्यात टार्गेटरावांचे मामा महाराष्ट्रात गेले आणि हे आंध्रात राहिले, कुणीही एक पाऊल न उचलता. रेघ सरकवण्यावरची त्यांची श्रद्धा तिथूनची असावी.

जानेवारीत सूर्यनमस्कार. रोज १०८. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते, हे टार्गेटराव दर जानेवारीत सांगतात आणि ‘सक्तीचे’ या शब्दावर थांबून सगळ्यांकडे बघतात. पण औंधात आदिलाबादची थंडी नव्हती. इथं पारा एक आकड्यावर उतरतो, तेलंगणातले कमी तापमानाचे आकडे पेपरात आले की आमचं नाव वरच असतं. सहाला स्टेडियमवर धुकं इतकं की आपलीच चटई सापडत नाही. सूर्य सातनंतर कधीतरी दिसतो. नमस्कार कुणाला घालायचा, असा धार्मिक प्रश्न शेठ रोज उपस्थित करतात. मेडिकलवाले मोजायला बसतात आणि गोळ्यांसारखे दहा-दहाच्या पत्त्यांत मोजतात, शेवटी आठ सुटे उरतात. ते कुणीच घेत नाही.

त्याच महिन्याच्या शेवटी केस्लापूरची नागोबाची जत्रा. पौष अमावास्येला मेस्राम कुळातल्या गोंडांची महापूजा असते, आणि त्या पूजेसाठी मेस्राम मंडळी जन्नारमच्या बाजूला गोदावरीच्या हस्तिनमडुगूवर जाऊन पाणी आणतात. पायी. पायात काही न घालता. जंगलातून, गावागावांत मुक्काम करत, आणि परत येऊन केस्लापूरच्या वडाखाली उतरतात. आम्ही गेलो सुमो करून. उतरल्यावर टार्गेटरावांना वडाखाली एक म्हातारबाबा भेटले, नोकरीच्या काळातले ओळखीचे. राम राम झालं. बाबांच्या तळपायांना भेगा अशा की बोट जावं. टार्गेटरावांचा हात आपोआप वहीकडे गेला.

“किती दिवस झाले?”

बाबांनी आकाशाकडे पाहिलं. “निघालो तवा चंद्र नव्हता मोठा.”

“अन् रोजचे किती किलोमीटर?”

“थकलो का थांबाचं.”

“तरी पण अंदाजे?”

“पाणी आलं ना,” बाबा म्हणाले. मग त्यांनी आमचे बूट पाहिले, नारिंगी, निळे, पोपटी. “तुमी बी चालता म्हणे रोज. कुठं जाता?”

“स्टेडियमला.”

“मंग?”

“मंग गोल फिरतो. मंग घरी.”

बाबांनी मान हलवली. समजून घ्यायचा त्यांचा खरा प्रयत्न चालला होता. “अन् येताना काय आणता?”

टार्गेटराव गप्प राहिले. मेडिकलवाले प्रामाणिक माणूस आहेत. ते म्हणाले, “मैसूर बज्जी.”

बाबांना उत्तर पटलं, आमच्यातल्या कुणालाच पटलं नाही. परतीच्या सुमोत सगळे गप्प होते. एकट्या मास्तर गारूंनी बऱ्याच वेळाने हळूच पर्वालेदू म्हटलं, ते नेमकं कुणाला हे कळलं नाही.

मग तो फेब्रुवारी आला. टार्गेटरावांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, नागपूरला, मुलीकडे. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, फोन बघायचा नाही. वही मास्तर गारूंच्या हवाली झाली. जाताना त्यांनी दोनदा सांगितलं की सैल सोडू नका.

मास्तरांनी वही घरी कपाटात ठेवून दिली. ग्रुपवर त्यांचा एकच मेसेज आला: सकाळी सहाला या, अर्धा तास चालू, आठवड्यातले पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान दीडशे मिनिटं अंगाला जरा घाम येईल असं काहीतरी करायला सांगते, तो हिशेब या अर्ध्या तासात बसतो; पण हे मास्तरांनी कुणाला सांगितलं नाही. आकडा नाही, टक्केवारी नाही, शेरा नाही. लोक आले. चालले. कुणी मागे राहिला तर मास्तर त्याच्याबरोबर चालत आणि घरच्यांची चौकशी करत, त्यामुळे तो बोलायला म्हणून पाय उचलत राही. ग्रुप गप्प झाला, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. नागपूरला डोळ्याला पट्टी बांधून पडलेल्या टार्गेटरावांना नातू रोज सांगायचा, “आजोबा, काहीच नाही आलं.” त्यांनी ग्रुप मेला असं धरून घेतलं आणि, मुलगी सांगते, मनातून थोडे सुखावलेही.

महिनाअखेर काळा चष्मा लावून ते परतले. स्टेडियमवर आले, वही मागितली.

“रिपोर्ट?”

“सगळ्यांचं झालं, सर,” मास्तर म्हणाले.

“सगळ्यांचं म्हणजे?”

“अंदरू. सगळे.”

“शेठचं?”

“झालं.”

“मेडिकलवाल्यांचं?”

मेडिकलवाल्यांनी उपाशीपोटीच्या शुगरचा कागदच पुढे केला. उतरली होती. धंद्याच्या दृष्टीने हे काही बरं लक्षण नव्हे, पण बिचारे खुश होते.

टार्गेटरावांनी काळा चष्मा काढून कागद पाहिला, पुन्हा लावला. बराच वेळ वहीची कोरी पानं उलटत राहिले. मग म्हणाले, “मास्तर, खात्यात माझी सगळी नोकरी गेली. शंभर टक्के आले ना, तर एक तर आकडे खोटे असतात, नाही तर टार्गेट खोटं असते. तुमचे आकडे खोटे नाहीत हे दिसूनच राहिलं.” आणि घरी गेले. दोन दिवस त्यांना ताप होता. मंडळी भेटायला गेली, संत्री घेऊन. मास्तरांनी पर्वालेदू म्हणायला तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच मिटून घेतलं.

तिसऱ्या रात्री दहानंतर मेसेज आला. मार्च महिना. आर्थिक वर्षाची अखेर. त्यामुळे नवीन टार्गेट नाही. मागील बारा महिन्यांची थकबाकी ३१ मार्चच्या आत वसूल करण्यात येईल. खाली तक्ता. ज्वर अंगात असताना माणसाने रात्री जागून वहीतला एकेक महिना जोडला होता. शेठकडे निघत होती अकरा लाख चाळीस हजार पावलं, ओलाव्याची कपात वजा जाऊन. शिवाय नऊशे बारा सूर्यनमस्कार आणि आडवं तोलून धरायच्या प्लँकचे चार तास दहा मिनिटं. मेडिकलवाल्यांचे नुसते सुटे आठ-आठ जोडले तरी अडीचशेच्या आसपास जात होते. मास्तर गारूंच्या नावापुढे एवढा आकडा होता की तो दोन ओळींत मोडला होता. ‘सर्वांनी सहकार्य करावे.’

दुसऱ्या दिवशी टिफिन सेंटरवर बैठक. यावेळी मंडळी तयारीने आली होती. शेठनी उभं राहून मागणी केली की सरकारने २०२४ साली शेतकऱ्यांचं दोन लाखांपर्यंतचं पीककर्ज माफ केलं, त्या धर्तीवर दोन लाख पावलांपर्यंत सरसकट माफी मिळावी. टाळ्या पडल्या. टार्गेटरावांचे गाल बऱ्याच दिवसांनी लाल झाले. खाली पडलेल्या माणसात जीव आला. त्यांनी वही उघडली.

“माफी मिळेल,” ते म्हणाले. “पण नियम तोच. दोन लाखांच्या वरची आधी भरा, मंग दोन लाख माफ.”

शेठनी बोटांवर हिशेब केला. आधी नऊ लाख चाळीस हजार पावलं चालायची, तेव्हा कुठं ते पात्र होणार. ते खाली बसले. मेडिकलवाल्यांनी तीन टप्प्यांत माफी मागितली. सूर्यनमस्कार पावलांत बदलून द्यायचे झाले तर दर काय, यावर वाद पेटला. टिफिन सेंटरच्या मालकाने न सांगता दुसरी प्लेट आणून ठेवली. इतकी चैतन्याची सकाळ ग्रुपने फेब्रुवारीत एकदाही पाहिली नव्हती.

गलका जरा ओसरल्यावर बाईंनी हात वर केला. वर्गात मुलं करतात तसा, कोपरात सरळ.

“सर, माझी थकबाकी शून्य आहे.”

“हाव, बाई. तुमची बाकी कधीच नसते.”

“मग या माफीत मला काय?”

टार्गेटरावांनी मान हलवली. “नियमित फेडणाऱ्याला काही नसते, बाई. सरकारातही नसते.”

बाईंनी घड्याळ पाहिलं. साडेसात वाजून गेले होते, डब्याची वेळ टळली होती. त्यांनी समोरची मैसूर बज्जी उचलली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि चटणीत बुडवली.

“मंग मलाही थकू द्या ना थोडं.”

टार्गेटरावांनी खिशातलं पेन काढलं, टोपण दातांत धरलं, आणि बाईंच्या नावापुढचा रकाना शोधत विचारलं, “किती?”